फूटपट्टीचं यकृत

संदर्भ-दाता क्रमांक शून्य. लिंग: पुरुष. वय: नोंदणीच्या वेळी सत्तेचाळीस. उंची: एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर. वजन: एकसष्ट किलो. मद्यपान: कधीही नाही. तंबाखू: नाही. मधुमेह, रक्तदाब, कावीळ: नाही, नाही, नाही. आहार: साधा. सदर व्यक्ती याच प्रयोगशाळेत कायम नोकरीस असून दर मंगळवारी सकाळी उपाशीपोटी उपलब्ध असते. सदर व्यक्तीच्या पेशी निरोगी समजण्यास हरकत नाही. खाली सही, त्याखाली गोल शिक्का, आणि शिक्क्याची शाई थोडी फिसकटलेली.

"समजण्यास हरकत नाही" ही कार्यालयीन भाषेतली मोठी सोयीची शब्दयोजना आहे. कोणी काही तपासलं होतं असं तिच्यातून सिद्ध होत नाही, आणि तपासलं नव्हतं असंही नाही.

सदर व्यक्ती म्हणजे रुग्णालयाच्या यकृत विभागातले ज्येष्ठ तंत्रज्ञ. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती, एका बाजूला धुलाईघर आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या खाटांची खोली. भिंतीपलीकडे दिवसभर चादरी पिळल्या जात आणि त्याची घरघर टेबलाच्या पायांतून वर यायची. खिडकी एकच होती आणि ती उघडायची नसे, कारण ती उघडली की आतलं यंत्र रुसायचं. या यंत्राला सगळे जावईबापू म्हणत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती ऑक्सिजन खातात हे मोजणं एवढंच त्याचं काम, पण खोली अर्ध्या अंशानं तापली, रसायनाची बाटली बदलली किंवा कोणी दार जोरात लावलं, तरी स्वारी तोंड फिरवून बसायची. या मंगळवारी ज्याला शंभर म्हणायचं त्यालाच पुढच्या मंगळवारी ब्याण्णव म्हणायचं, आणि दोन्ही वेळा सारख्याच गांभीर्यानं.

ऑक्सिजन खातात ते खरं म्हणजे पेशीतले मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशीचं वीजघर म्हणतात. विभागप्रमुख डॉक्टरबाईंना, म्हणजे सगळ्यांच्या मॅडमना, तो शब्द अजिबात चालत नसे.

"वीजघर म्हटलं की माणसाला वाटतं, बटण असेल. चालू नाहीतर बंद," त्या म्हणायच्या. "हे कामगार आहेत हो. यकृताच्या एकेका पेशीत हजार-दोन हजार. आलेली चरबी जाळायची हे त्यांचं काम. जास्त आली की आधी ओव्हरटाइम करतात, तेव्हा सगळं झकास दिसतं. मग दमतात. दमलेला कामगार अर्धवट जाळतो, ठिणग्या उडतात, त्यानं तो स्वतः भाजतो आणि शेजारच्यालाही भाजतो. असे निकामी झालेले पेशीनं मोडीत काढायचे असतात. ते काढणं थांबलं की सूज, मग व्रण, मग यकृत कडक. आणि त्या गोंधळात एखादी पेशी या कामगारांवाचून भागवायला शिकते. ती पेशी वाईट. पुढे तिच्यासाठी सर्जन बोलवावा लागतो."

आता कोणाच्याही यकृताचा तुकडा दर सहा महिन्यांनी काढता येत नाही. म्हणून मॅडमनी एक प्रश्न घेतला होता: यकृतातल्या कामगारांची दमछाक रक्तातल्या पेशींवरून ओळखता येईल का? एक्केचाळीस रुग्ण निवडले. सगळ्यांच्या यकृतात चरबी साठून ते कडक होऊ लागलेलं, आणि दारू कोणीच न पिणारं. दर सहा महिन्यांनी त्यांनी दोन ठिकाणी यायचं. वरच्या मजल्यावर सोनोग्राफी, यकृतात गाठ धरते आहे का ते पाहायला, कारण दोन सेंटिमीटरच्या आत सापडली तर इलाज सोपा असतो. आणि तळघरात रक्त, मॅडमच्या प्रश्नासाठी. सोनोग्राफी रुग्णाच्या कामाची होती, रक्त मॅडमच्या. म्हणून रक्ताचा आकडा रुग्णाला सांगायचा नाही, असा लेखी नियम होता.

राहिला जावईबापूंचा लहरीपणा. त्यावर तोडगा असा, की दर मंगळवारी रुग्णांच्या रक्ताबरोबर एका धडधाकट माणसाचंही रक्त लावायचं आणि रुग्णाच्या आकड्याला त्याच्या आकड्यानं भागायचं. यंत्र रुसलं तर दोघांवर सारखंच रुसेल. आधी असे धडधाकट पाच होते. एका परिचारिकेची बदली झाली, दुसरीला दिवस गेले, एकानं सुई पाहून घेरी येते असं दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं. चौथे नोंदणी कारकून. त्यांची साखर वाढली तेव्हा ते आपण होऊन सांगायला आले. मॅडम "धन्यवाद" म्हणाल्या आणि त्यांच्या नावावर रेघ मारली. ती रेघ आमच्या तंत्रज्ञांनी बाजूला उभं राहून पाहिली. उरले ते एकटे.

"आता तुम्हीच आमची फूटपट्टी," मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून ते पट्टी झाले. वॉर्डात पट्टीसाहेब, पहारेकऱ्याला पट्टीभाऊ.

ज्याला आयुष्यात कधी कोणी कशाचाही मापदंड मानलं नव्हतं, त्या माणसाला हे किती चढावं? घरी बायकोनं माहेरी फोन करून सांगितलं, की अख्ख्या रुग्णालयात निरोगी असे आमचेच. मेहुणा खवचट. तो म्हणाला, "भाऊजी, म्हणजे सगळं जग तुमच्याइतकं हडकुळं झालं की बरं झालं म्हणायचं का?" पट्टींनी हे सुद्धा कौतुक म्हणून जमेला धरलं.

त्यांचा बोलण्यातला सूर बदलला. नवा रुग्ण आला की फॉर्म भरताना "मद्यपान?" या रकान्याशी ते थांबत, चष्म्यावरून बघत. त्या एक्केचाळिसांत एक शिंपी होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बाजारात स्वतःचं दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणत.

"घेता का?" पट्टींनी विचारलं.

"नाही. थेंब नाही."

"मास्तर, इथे सगळे नाहीच म्हणतात."

रक्त देऊन बाही खाली करताना शिंपी म्हणाला, "माझे वडील ह्यानेच गेले, साहेब. पिऊन. म्हणून मी कधी वासही घेतला नाही." पट्टींनी रकान्यात "नाही" लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. पण ते वाक्य त्यांना लागलं, आणि पुढे ते या शिंप्याशी जरा जास्तच गोड वागू लागले. पुढचं सगळं त्या गोडव्यातूनच झालं.

गोडव्याचं आणखी एक प्रकरण होतं. संदर्भ-दात्याला रक्त दिल्यावर फळांच्या रसाचा एक खोका आणि दोन बिस्किटं द्यावीत, असं नियमावलीत होतं. दाते पाच होते तेव्हा ठरलेला पुरवठा दाता एक उरल्यावरही पाचांचाच येत राहिला. कपाटाची किल्ली पट्टींकडे. पहिल्या मंगळवारी एक खोका प्यायले. मग बुधवारी वाटलं, कालचा अशक्तपणा अजून आहे. महिन्याभरात गुरुवार-शुक्रवारही अशक्त झाले. सकाळी एक, अकराला एक, जेवणावर एक, चारला दोन. खोक्यावर सफरचंदाचं चित्र होतं, त्यामुळे मन खात नसे. घरी बायको साखरेच्या बाबतीत कडक. तिथे ते बिनसाखरेचा चहा पीत आणि मेहुण्याला सांगत, "सवयीचा प्रश्न आहे."

दुसऱ्या वर्षी रुग्णालयानं कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी ठेवली. सोनोग्राफीवाले डॉक्टर पट्टींच्या पोटावरून ते थंड यंत्र फिरवता फिरवता थांबले, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, "अरे वा! तुम्ही आमच्यातलेच निघालात की."

"म्हणजे?"

"चरबी आहे. यकृतात. बऱ्यापैकी आहे."

"मला? साहेब, माझं वजन एकसष्ट आहे."

"बारीक माणसांनाही होते. घेता का?"

"नाही हो! थेंब नाही!"

डॉक्टरांनी नुसत्या भुवया वर केल्या. आपण गेलं वर्षभर लोकांकडे कसं बघत होतो हे पट्टींना त्या भुवयांत पहिल्यांदा दिसलं. "गोड बंद करा, चाला, सहा महिन्यांनी या," असं लिहिलेला कागद त्यांनी चौघडी करून खिशात घातला, आणि तळघरात उतरताना जिन्यात दोनदा थांबले.

मॅडमना सांगायचं, तर कारकुनाची रेघ आठवे. शिवाय लोक काय म्हणतील? हा इतरांना प्यायचं विचारायचा आणि स्वतः चोरून घेत असणार. तसं कोणी म्हटलंच तर प्यालो नाही हे सिद्ध कसं करणार? आणि रस प्यालो हे कबूल करायचं, तर ते आणखी लाजिरवाणं. निदान पिणाऱ्याबद्दल लोकांना थोडी तरी सहानुभूती असते. अधिकृत सरबताचे पाच-पाच खोके पिणाऱ्या पन्नाशीच्या माणसाबद्दल कोणाला काय वाटणार?

त्यांनी कागद पुस्तकांच्या मागे ठेवला. खोके बंद केले, दोन आठवडे. मग पुन्हा सुरू. दर वर्षी संदर्भ-दात्याचा फॉर्म यायचा, "प्रकृतीत काही बदल?", आणि दर वर्षी ते "नाही" लिहीत. असं तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

इकडे जावईबापूंचे आकडे हळूहळू उतरत होते. सगळ्यांना वाटलं यंत्र म्हातारं झालं. कंपनीचा माणूस तीनदा आला, ऑक्सिजन मोजणारा आतला पातळ पडदा बदलून गेला. तिन्ही वेळा पट्टी त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभे होते. यंत्रातच बिघाड असावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. मनापासून वाटण्यासाठी ते बरीच मेहनतही घेत होते.

आणि रुग्णांचे भागाकार मात्र वर्षागणिक सुधारत चालले. हे विचित्रच होतं. वर सोनोग्राफीत यकृतं बिघडताहेत, आणि खाली कामगार ताजेतवाने! मॅडम महिनाभर गोंधळल्या, मग एक दिवस प्रसन्न चेहऱ्यानं आल्या. त्यांना उपपत्ती सापडली होती. यकृत हरत असतं तेव्हा उरलेलं शरीर जुळवून घ्यायला शिकतं. त्यांनी त्यावर तेवीस पानांचा निबंध लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं, की ज्यांचा आकडा सुधारतो आहे त्यांना सोनोग्राफीला वरचेवर बोलावण्याची गरज आहे का, याचा विचार व्हावा.

हे वाक्य वाचण्याआधीच पट्टींनी त्यावर अंमल करून टाकला होता. सहा महिन्यांपूर्वी शिंपी रक्त द्यायला आला तो फार उदास होता. पाय सुजले होते. त्याला बरं वाटावं म्हणून पट्टी हळूच म्हणाले, "सांगायचं नसतं मास्तर, पण तुमचा आकडा चांगलाच वर गेलाय."

शिंप्याचा चेहरा असा उजळला, की पट्टींना नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. शिंपी जिना चढून वर गेलाच नाही. थेट दुकानात गेला. शाळांचे गणवेश शिवायचे दिवस होते.

या मंगळवारी तो पुन्हा आला. पट्टींनी पुन्हा सांगितलं, आणखी वर गेलाय. "मग परवा सोनोग्राफीला नाही येत," शिंपी म्हणाला. "तीनशे हाफ पँटी पडल्यात. तुमचा आकडा असल्यावर वर जाऊन काय करायचंय?" पट्टी म्हणाले, "जाऊन आलेलं बरं असतं." म्हणजे म्हणायचं म्हणून म्हणाले.

तो गेल्यावर त्यांना चैन पडेना. दुपारी दाराशी पहारेकरी डुलक्या घेत होता. वय साठ, पगारापुरता जागा राहणारा, पण रोज दोन मैल चालत येणारा. पट्टींनी त्याला आत बोलावलं.

"काय काढताय पट्टीभाऊ, मूत्रपिंड का?"

"रक्त. थोडंसं. उगाच बघायला."

त्यांनी पहारेकऱ्याचं आणि स्वतःचं रक्त एकाच वेळी, एकाच बाटलीतलं रसायन घालून लावलं. पहारेकरी एकशे दोन. पट्टी एक्काहत्तर. पुन्हा लावलं. एकशे चार आणि सत्तर. जावईबापू अजिबात रुसलेले नव्हते. भिंतीपलीकडे चादरी पिळणं चालू होतं.

"पास का नापास?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"तुम्ही पास."

निबंध शुक्रवारी छापायला जायचा होता. शिंप्याची सोनोग्राफी गुरुवारी. पट्टींनी या दोन्हींत आपल्याला कमी लाज वाटेल असं काम आधी निवडलं आणि बुधवारी बाजारात गेले.

दुकान अरुंद. दोन शिलाई मशीनं, वाफेची इस्त्री, भिंतीला टेकून निळ्या कापडाचे गठ्ठे, जमिनीवर खडूनं आखलेल्या कापडाच्या चिंध्या. आरशासमोर एक निवृत्त गृहस्थ अर्धवट शिवलेला कोट घालून हात पसरून उभे होते आणि मास्तर ओठांत टाचण्या धरून त्यांच्या काखेत खुणा करत होता. गळ्यात टेप.

"मास्तर, उद्या या सोनोग्राफीला."

"हाफ पँटी, पट्टीसाहेब."

"वर नवीन मशीन आलंय."

"जुन्यानं माझं काय वाकडं केलं होतं?"

"चांगलं दिसतं त्यात."

"चांगलं तर तुमच्या आकड्यातच दिसलं की." मास्तरनं टाचण्या काढून उशीत खोचल्या. "काय झालंय, साहेब? काल हसत होतात."

पट्टींनी निवृत्त गृहस्थांकडे पाहिलं. ते हात पसरून उभे होते आणि त्यांना कुठेही जाता येत नव्हतं. जायची इच्छाही दिसत नव्हती.

"तो आकडा चुकीचा आहे."

"काढला कोणी?"

"मीच."

"मग?"

"तुमच्या आकड्याला माझ्या आकड्यानं भागतात. तुमचा वाढला नाही मास्तर. माझा घसरला."

शिंप्यानं गळ्यातला टेप काढला. पट्टींना समजावून सांगायला बरीच वाक्यं जुळवावी लागली असती, पण त्याला ती लागली नाहीत. "म्हणजे टेप आटला," तो म्हणाला. "धुण्यात टेप आटला की येईल ते गिऱ्हाईक जाड भरतं."

"हो."

"आणि कशानं घसरला?"

"यकृतात चरबी आहे."

"कोणाच्या, तुमच्या?"

"माझ्या."

"घेता वाटतं?" निवृत्त गृहस्थांनी आरशातूनच विचारलं.

"नाही हो. थेंब नाही."

मास्तर गुडघ्यावर बसून कोटाची खालची कड बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "इथे सगळे नाहीच म्हणतात."

निवृत्त गृहस्थ हसले. त्यांना तो विनोद वाटला. पट्टींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसण्यासारखं तोंड करायचा त्यांनी प्रयत्न केला आणि आरशात ते तोंड पाहून सोडून दिला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मास्तरनं विचारलं.

"चरबीचं? तीन वर्षं."

"मग मागल्या वेळी मला आकडा सांगितलात, तेव्हा माहीत होतं."

"चरबी माहीत होती. त्यानं आकड्याचं काय होतं ते..." पट्टी थांबले. "ते माहीत करून घेतलं नव्हतं."

"आणि मलाच का सांगितलात? बाकीच्यांनाही सांगता?"

"नाही. फक्त तुम्हाला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

मास्तर उठला. त्यानं टेपची गुंडाळी केली, ती पुन्हा उलगडली. रागावला असता तर बरं झालं असतं. "बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. सहा महिने छान झोप लागली." मग कोटाचे हात सरळ करत गृहस्थांना म्हणाला, "मोकळे व्हा, काका." आणि पट्टींना म्हणाला, "येतो उद्या. पण बाईंना कोण सांगणार, तुम्ही का मी? मी सांगितलं तर मला नीट सांगता येणार नाही. टेप-बीप म्हणेन."

घरी जाऊन पट्टींनी आधी बायकोला सांगितलं. पुस्तकांमागचा कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि सुटकेचा श्वास सोडला.

"अहो, एवढंच? चरबीच ना? मला वाटलं, काय केलंत आता. उद्यापासून चालायला जाऊ दोघं. आणि ते रसाचे खोके बंद."

"तुला खोक्यांचं कसं कळलं?"

"तुमच्या शर्टाच्या खिशात नळ्या सापडतात, अहो. चार वर्षं सापडताहेत. मला वाटलं, कामावर एवढं तरी सुख असू दे."

तिनं त्यांना माफ केलं होतं, पण भलत्याच गोष्टीसाठी. शिंप्याचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा ती भाजी चिरायला बसली होती आणि मेहुण्याला कसं सांगायचं नाही याचा बेत करत होती.

गुरुवारी सकाळी मॅडम निबंधावर पेन्सिलीनं शेवटचा हात फिरवत होत्या. पट्टींनी कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी आधी तारीख वाचली, मग निदान, मग पुन्हा तारीख.

"बसा."

पट्टी बसले नाहीत.

"पहारेकऱ्याचं रक्त लावून पाहिलं," ते म्हणाले, आणि दोन्ही वेळचे आकडे सांगितले. मग तीन फॉर्मांचं सांगितलं. मग खोक्यांचं. मग, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू, शिंप्याचं.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. त्या ओरडतील असं गृहीत धरून पट्टींनी जी तयारी केली होती, ती सगळी वाया गेली.

"तो पडदा बदलणारा माणूस आला होता," त्या म्हणाल्या. "तीनदा."

"हो."

"तुम्ही शेजारी होतात."

"टॉर्च धरून," पट्टी म्हणाले. हे सांगायची काही गरज नव्हती.

"तुम्ही सांगितलं असतंत ना, तर मी तुमच्या नावापुढे तारीख घातली असती आणि पहारेकऱ्याला हाक मारली असती. दहा मिनिटांचं काम होतं. तुम्हाला रुग्णांच्या यादीत घेतलं असतं. तुमचं बघितलंही असतं कोणीतरी." त्यांनी निबंधाची तेवीस पानं उचलून टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकली. "मी एवढी भयंकर आहे का हो?"

त्या भयंकर नव्हत्या. तेच तर अवघड होतं. भीतीनं गप्प बसलो असं म्हणता आलं असतं, तर त्यात थोडी तरी इभ्रत होती.

"मास्तर आलेत का आज?"

"अकराची वेळ आहे."

"मग वर जा. त्यांच्याबरोबर बसा. मी येते."

पट्टी वर गेले. बाकावर शिंप्याशेजारी बसले. शिंप्याच्या बोटांना निळ्या कापडाची बारीक लव चिकटली होती आणि तो ती एकेक करून काढत होता. दोघांमध्ये एक जागा मोकळी राहिली होती. ती कोणी मुद्दाम सोडली होती असं म्हणता येणार नाही. आत नेण्याआधी शिंपी एवढंच म्हणाला, "उपाशी आहात का तुम्ही? मीही आहे." आणि आत गेला. सोनोग्राफीला पाच-सात मिनिटं लागतात. त्या दिवशी पंचवीस लागली. मधे एकदा दार उघडलं आणि डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टरांना बोलावून घेतलं. मॅडम आल्या त्या थेट आतच गेल्या. पट्टींकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं नाही हे पट्टींना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

पुढच्या महिन्याभरात पहारेकरी आणि आणखी चौघं नवी पट्टी झाले. पट्टींची घसरण हिशेबात धरून जुने आकडे पुन्हा भागले. एक्केचाळीस जणांच्या कामगारांपैकी कोणीच ताजंतवानं झालं नव्हतं. सगळे मॅडम आधीपासून म्हणत होत्या तसेच दमत गेले होते. पट्टींना रुग्णांच्या यादीत बेचाळिसावा क्रमांक मिळाला. फॉर्म भरून घ्यायला नवी तंत्रज्ञ होती. "मद्यपान?" या रकान्याशी ती थांबली नाही, आणि पट्टींना उगाच वाटलं, की तिनं थांबायला हवं होतं.

मॅडमनी चौकशी समितीला सगळं लिहून कळवलं. पट्टींनी आपला लेखी जबाब वेगळा जोडला. आकडा शिंप्याला दोनदा सांगितल्याचं त्यात तारखांसह होतं. दोन महिन्यांनी समितीचं उत्तर आलं. अंतर्गत संदर्भ-दात्याच्या चयापचयात दरम्यानच्या काळात काही बदल संभवले असून, त्यानुसार सर्व मूल्यांचे पुनर्गणन करण्यात आले आहे. संदर्भ-दात्यास समज देण्यात येत आहे. तथापि, नियमानुसार सदर मूल्ये सहभागी रुग्णांस कळविली जात नसल्याने, कोणत्याही रुग्णाच्या सुरक्षिततेवर त्याचा परिणाम झाल्याचे दिसून येत नाही. प्रकरण बंद करण्यास हरकत नाही.

शिंप्याच्या यकृतातली गाठ चार सेंटिमीटरची होती.